रस्ता ओलांडणाऱ्याचा हिशेब

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग शहागडजवळ गोदावरी ओलांडून गेवराई तालुक्यात शिरतो आणि गढी, पाडळसिंगीवरून बीडकडे निघतो. चार पदरी रस्ता, मधोमध दुभाजक, शहराला बायपास. एकदा गाडीने गती घेतली की चालकाला हे मोकळं रान वाटू लागतं. पण या रस्त्याच्या एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला शिवार अशी परिस्थिती ठिकठिकाणी आहे. वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई, शाळेची पोरं, दुभाजकाच्या कटमधून वळणारी दुचाकी, कापसाने भरलेला टेम्पो, सगळ्यांना हाच रस्ता ओलांडायचा असतो. 26 मे 2025 च्या रात्री गढीजवळ एक गाडी दुभाजकावर चढली. ती काढण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांना मागून आलेल्या ट्रकने उडवलं आणि सहा जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंडगावच्या मारुतीला पायी निघालेल्या भाविकांना याच महामार्गावर कंटेनरने चिरडलं. दोष कोणाचा, हे तपासातून आणि न्यायालयात ठरतं. पण दोन्ही घटनांत मेलेली माणसं गाडीत बसलेली नव्हती, पायांवर उभी होती. वेगमर्यादा नेहमी पाळायची का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना सुरुवात या माणसांपासून करायला हवी.

आपल्याकडे मात्र सुरुवात चालकापासून होते. ‘माझा हात बसलेला आहे, गाडी नवी आहे, रस्ता चांगला आहे, मग शंभरचं बंधन कशाला?’ जणू मर्यादा ही चालकाच्या कौशल्याची परीक्षा आहे आणि जो हुशार त्याला तीत सूट मिळायला हवी. कायद्याची मांडणी तशी नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 नुसार ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाहन चालवता येत नाही. केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये या मर्यादा नव्याने ठरवल्या. दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर मोटारीला ताशी 100 किलोमीटर, मोठ्या प्रवासी वाहनांना 90, मालवाहू वाहनांना आणि दुचाकीला 80, तीनचाकीला 50. दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मोटारीला 70, तर बस, ट्रक आणि दुचाकीला 60. हे कमाल आकडे आहेत. गावाजवळ किंवा वळणावर फलक त्याहून कमी वेग सांगत असेल, तर तोच पाळायचा. यात चालक किती वर्षांचा अनुभवी आहे, याचा कुठेच उल्लेख नाही. तो नसण्याला कारण आहे: रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला तुमचा अनुभव दिसत नाही. त्याला फक्त दुरून येणारी गाडी दिसते.

त्या दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहून हिशेब करू. महामार्गाची एक बाजू, म्हणजे दोन पदर आणि कडेची पट्टी, धरली तर ती साधारण नऊ मीटर भरते. डोक्यावर भारा असलेली किंवा वयस्कर बाई सेकंदाला एक मीटर चालते असं धरू. तिला नऊ सेकंद लागतात. ताशी 80 किलोमीटरने येणारा ट्रक नऊ सेकंदांत 200 मीटर अंतर कापतो. 120 ने येणारी मोटार 300 मीटर कापते. आता गाडी अडीचशे मीटरवर दिसली आणि बाई रस्त्यात उतरली. गाडी 80 ने येत असेल, तर बाई सुखरूप दुभाजकापर्यंत पोहोचते. गाडी 120 ने येत असेल, तर दोन पावलं उरलेली असताना गाठली जाते. समोरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्यांना नीट कळत नाही. कळतं ते अंतर. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2010 च्या सुमारास दाखवून दिलं, की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी सुमारे 32 किलोमीटरच्या पुढचा वेग अचूक ओळखताच येत नाही. म्हणजे रस्ता ओलांडणारा प्रत्येक जण एक गोष्ट गृहीत धरूनच पाऊल टाकतो: येणारी गाडी या रस्त्यावर जेवढ्या वेगाने यायला हवी तेवढ्याच वेगाने येत असणार. वेगमर्यादा हा या गृहीताला दिलेला शब्द आहे. मर्यादा मोडणारा चालक ओलांडणाऱ्याला न विचारता तो शब्द मोडतो.

आता चालकाच्या बाजूचा हिशेब. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो आणि त्यानंतर गाडी थांबायला अंतर लागतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी 60 ने जाणारी मोटार एकूण साधारण 36 मीटरमध्ये थांबते, 80 ची 57 मध्ये, तर 100 ची 83 मीटरमध्ये. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात गाडीची ऊर्जा वाढते, म्हणून हे आकडे सरळ रेषेत चढत नाहीत. जिथे 60 ची गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी 80 ची गाडी अजून ताशी 60 च्या आसपास वेगात असते. ‘वीसच तर जास्त होता’ असं आपण म्हणतो, पण त्या विसात गाडी थांबणं आणि माणूस जाणं एवढं अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात; आणि देशातल्या या मृत्यूंपैकी 71 टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. पोलीस पंचनाम्यात ‘अतिवेग’ हे कारण जरा सहज लिहिलं जातं, हा आक्षेप रास्त आहे. पण अपघाताचं मूळ कारण झोप असो, खड्डा असो की मोकाट जनावर असो, घाव किती खोल बसणार हे वेगच ठरवतो. आणि एवढा धोका पत्करून मिळतं काय? गेवराई ते बीड साधारण 33 किलोमीटर. शंभरऐवजी 120 ने गेलं तर तीन-साडेतीन मिनिटं वाचतात. टोलनाक्यावरच्या एका रांगेत तेवढी जातात.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळा आहे. सगळे 110 ने चालले असताना एकट्याने 90 ने जाणंच धोक्याचं, असं अनेक सराईत चालक सांगतात. याला आधारही आहे. अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी 1964 मध्ये ग्रामीण महामार्गांचा अभ्यास करून मांडलं, की सरासरीपेक्षा खूप हळू किंवा खूप जोरात चालणारी वाहनं अपघातात जास्त सापडतात. म्हणजे खरा धोका वेगांमधल्या फरकात आहे. हे मान्य केलं, तरी गेवराईच्या रस्त्यावर त्याचा अर्थ काय होतो ते पाहू. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या कारखान्यांकडे निघतात. त्यांचा वेग वाढवून वाढणार नाही. मागून शंभरने येणाऱ्या मोटारीत आणि वीसने चाललेल्या ट्रॅक्टरमध्ये ताशी 80 किलोमीटरचा फरक असतो, म्हणजे दर सेकंदाला बावीस मीटर अंतर मिटत जातं. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल, ऊस बाहेर लोंबत असेल, तर चालकाला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. वेगांमधला फरक कमी करायचा, तर बैलाला पळवता येत नाही. वरचा वेगच खाली आणावा लागतो. सॉलोमन यांचा निष्कर्ष आपल्या रस्त्यावर मर्यादेच्या बाजूनेच साक्ष देतो. हळू जाणाऱ्याने डावा पदर धरावा आणि ट्रॉलीवाल्याने रिफ्लेक्टर लावावा, हेही तितकंच खरं. पण त्याने लावला नाही म्हणून आपला वेग माफ होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मर्यादाच चुकीच्या असतात. काम संपून गेलं तरी जुना फलक उभाच राहतो, सरळ मोकळ्या पट्ट्यावर चाळीसचा आकडा आणि खऱ्या धोक्याच्या फाट्यावर फलकच नाही. लोकांचा नियमावरचा विश्वास अशानेच उडतो. यावर उपाय मात्र प्रत्येकाने स्वतःच्या मनाने मर्यादा ठरवणं हा नव्हे. तसं झालं, तर ओलांडणाऱ्याला कुठल्याच गाडीचा अंदाज राहणार नाही. चुकीचा फलक बदलून घ्यायला जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, महामार्ग प्राधिकरण आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. रस्त्याचा दोष आणि चालकाचा दोष यांपैकी एकच दुरुस्त करायचा अशी अटही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं मेली होती. त्यानंतर कठडे, धोक्याच्या जागांची दुरुस्ती, तातडीची मदत आणि वेगावर नजर अशी कामं एकत्र हाती घेतली गेली आणि काही वर्षांत मृत्यूंची संख्या बरीच खाली आली. अमेरिकेने 1974 मध्ये तेलटंचाईमुळे देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची मर्यादा घातली आणि एका वर्षात रस्त्यांवरचे मृत्यू 54 हजारांवरून 45 हजारांवर आले. त्यात लोकांचा प्रवास कमी झाल्याचाही वाटा होता; पण इंधन वाचवण्यासाठी कमी केलेल्या वेगाने माणसंही वाचवली, हे तिथल्या अभ्यासकांनी मान्य केलं.

मग अपवाद एकही नाही का? आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. साप चावलेलं पोर, अडलेली बाळंतीण, हृदयविकाराचा झटका आलेला माणूस घेऊन गाडी बीडकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे निघाली असेल, तर काट्याकडे बघत बसा असं कुणी म्हणणार नाही. म्हणूनच तातडीच्या कामावरच्या रुग्णवाहिकेला, अग्निशमन गाडीला नियमांत सवलत आहे. पण तिला सायरन आहे, दिवा आहे, सरावाचा चालक आहे. ‘मी वेगात येतोय’ हे ती रस्त्यावरच्या सगळ्यांना ओरडून सांगते. आपल्या मोटारीत हे काहीच नसतं आणि आत घाबरलेला नातेवाईक गाडी हाकत असतो. शक्य तिथे 108 ला फोन करणंच जास्त भरवशाचं. ते शक्य नसेल तेव्हा जीव वाचवण्यासाठी मोडलेली मर्यादा आणि लग्नाला वेळेवर पोहोचण्यासाठी मोडलेली मर्यादा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीचं नाव सांगून दुसरी खपवता येणार नाही.

उलट, मर्यादा पाळणं पुरेसं आहे का, हा प्रश्न उरतो. फलकावरचा आकडा हा चांगल्या उजेडातला, कोरड्या रस्त्यावरचा कमाल आकडा आहे. तो गाठायलाच हवा असं नाही. रात्री समोरून वाहन येत असताना डिप्परचा उजेड पन्नास-साठ मीटरपर्यंतच नीट पडतो आणि शंभरच्या वेगात थांबायला 83 मीटर लागतात. म्हणजे कायद्याने मुभा असलेल्या वेगातही आपण स्वतःच्या दिव्याच्या पुढे धावत असतो. पाऊस, धुकं, ऊसवाहतुकीचे दिवस, पेंडगावची शनिवारची पायी गर्दी, यांतलं काहीही असलं तरी काटा आकड्याच्या बराच खाली हवा. 2019 च्या सुधारणेनंतर अतिवेगाला हलक्या वाहनांसाठी 1000 ते 2000 आणि मध्यम व जड वाहनांसाठी 2000 ते 4000 रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने पाळलेली मर्यादा कॅमेरा मागे पडला की सुटते. फाटा जवळ आला, दुभाजकातला कट दिसला आणि पलीकडे कडेला कुणी भारा घेऊन उभं असलं, की पाय आपोआप वर यायला हवा. त्या बाईने आपल्या गाडीकडे एकदा बघितलेलं असतं, अंतराचा अंदाज घेतलेला असतो आणि नऊ सेकंद लागणारी वाट ती चालायला लागलेली असते.