फाइली पुसल्या, तरी डिस्क भरलेलीच?

घरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावर, ‘जागा संपली’ असा इशारा आला की लगेच नवी डिस्क आणायला धावू नका. आधी कचरापेटी बघा. सिनॉलॉजीच्या यंत्रात शेअर्ड फोल्डरची रिसायकल बिन चालू असेल, तर पुसलेली फाइल त्याच फोल्डरमधल्या ‘#रिसायकल’मध्ये जाऊन पडते आणि जागा अडवून बसते.

ती रिकामी करूनही आकडा हलला नाही, तर संशय स्नॅपशॉटवर, म्हणजे फाइलींच्या त्या-त्या क्षणीच्या जतन केलेल्या स्थितीवर, घ्यावा. बीटीआरएफएस फाइल सिस्टिममध्ये स्नॅपशॉट घेताना फारशी जागा जात नाही. पण नंतर ४० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पुसला, तरी जुना स्नॅपशॉट त्याचे ब्लॉक धरून ठेवतो. तो व्हिडिओ ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे, ते सगळे काढल्यावरच जागा सुटते, तीही हळूहळू. मात्र सरसकट सगळे उडवू नका; रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर स्नॅपशॉटच कामी येतात. सर्वांत जुने आधी काढा आणि किती दिवसांचे ठेवायचे, याची मर्यादा घालून द्या.

जागा मुळातच कमी वाटत असेल, तर त्याची कारणे वेगळी. ४ टीबीची डिस्क साधारण ३.६ टीबीच दिसते, ती १००० ऐवजी १०२४ने मोजल्यामुळे. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते; म्हणून सारख्या दोन डिस्क लावल्या, तरी वापरायला एकीचीच जागा मिळते.