चाकांवरचे घर आणि वळणावरची नदी

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतां मुलाकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरी गेलो होतो. नाताळच्या सुट्टीत त्याने एक ‘आर. व्ही.’ भाड्याने घेतली आणि आम्हा सर्वांना तीनशे किलोमीटरवरच्या सॅन अँटोनियोला नेले. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. आपल्या एस. टी. बसहून थोड्या लहान गाडीत पलंग, शेगडी, फ्रीज, एवढेसे न्हाणीघर आणि संडास, सगळे बसवलेले! बडोद्यास परतल्यापासून मुले एकच प्रश्न विचारतात, “आजोबा, त्या संडासाचे पाणी जाते कुठे?” मुलांनो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच प्रश्नावर ते शहर उभे आहे.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. पहिलीत वापरायचे स्वच्छ पाणी, दुसरीत न्हाणीघराचे व भांडी घासल्याचे सांडपाणी, तिसरीत संडासाचे. कोणती टाकी किती भरली ते भिंतीवरचे दिवे दाखवतात. वाटेत कुठेही टाकी सोडणे हा गुन्हा आहे. मुक्कामाच्या तळावर प्रत्येक गाडीला वीज, नळ आणि मैलापाण्याचे तोंड दिलेले असते. हातमोजे घालून जाड नळी जोडायची, आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने नळीही धुऊन निघते. भिंतीवरचा दिवा डोळ्यांसमोर असल्यामुळे अंगाला साबण लावताना नळ बंद करायला आम्ही दोन दिवसांत शिकलो. घरी चाळीस वर्षांत हे जमले नव्हते.

एक व्यवहारी सूचना. अशी गाडी घेऊन शहराच्या मध्यभागी शिरू नये. आमची गाडी अकरा फूट उंच आणि तिथल्या बहुमजली पार्किंगचे छत जेमतेम सात फुटांवर! गाडी तळावर ठेवून सिटी बसने जावे. आम्ही तसेच केले.

बसमधून उतरल्यावर नदी दिसलीच नाही. पुलाशेजारच्या पायऱ्या एक मजला खाली उतरलो आणि वरच्या मोटारींचा आवाज मागे राहिला. अरुंद, हिरवट पाणी, दोन्ही काठांना फरसबंद वाट, उंच सायप्रसची झाडे, कमानीचे पूल आणि हळू जाणाऱ्या नावा. हाच तिथला प्रसिद्ध ‘रिव्हर वॉक’. नाताळ असल्याने झाडांवरून हजारो दिवे लोंबत होते. नावेत बसून फेरी मारली, अलामो हा १८३६ च्या लढाईचा जुना मठ पाहिला, दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडची स्पॅनिश मिशने पाहिली. ही पाचही स्थळे २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एस्पाडा मिशनजवळ अठराव्या शतकातला दगडी जलसेतू अजून पाणी वाहून नेतो.

आता गोष्ट ऐका. सप्टेंबर १९२१ मध्ये या नदीला महापूर आला आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. मग ओल्मोस धरण बांधले गेले. शहराच्या मध्यभागी नदी नालाकृती वळण घेते. पुराचे पाणी सरळ पुढे जावे म्हणून त्या वळणाला फाटा देणारा कालवा काढायचे ठरले. मग वळणाचे काय? ते बुजवावे, खालून बंद गटार न्यावे, असा विचार पुढे आला. त्याच सुमारास शहराचा जुना वारसा जपण्यासाठी काही महिलांनी १९२४ मध्ये एक संस्था काढली आणि नगरपालिकेच्या सभासदांपुढे चक्क बाहुल्यांचा खेळ केला! विषय, सोन्याची अंडी देणारी हंसी. पुढे १९२९ मध्ये रॉबर्ट ह्यूगमन या तरुण वास्तुकाराने काठाचा आराखडा मांडला आणि १९३९ ते १९४१ या काळात तो प्रत्यक्षात आला.

पुराचा प्रश्न मात्र उरला होता. १९९७ मध्ये शहराखालून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा, २४ फूट व्यासाचा बोगदा पुरा झाला. गवंडी पातळी पाहण्यासाठी पाण्याची नळी धरतो ना, तेच तत्त्व. बोगद्याचे वरचे तोंड खालच्या तोंडापेक्षा उंचावर असल्याने पुराचे पाणी खोल उतरते आणि स्वतःच्याच दाबाने शहराच्या पलीकडे वर येते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९८ च्या पुरात, या बोगद्याने शहराचा मध्यभाग वाचवला. शिवाय मूळ झरे आटू लागल्याने आज नदीत शुद्ध केलेले सांडपाणीही सोडतात. म्हणजे मुलांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे नदीतच वाहते आहे!

पण बोगदा मध्यभागापुरताच. जून २०२५ मध्ये त्याच शहराच्या दुसऱ्या भागात एका ओढ्याला अचानक पूर आला, रस्त्यावरच्या मोटारी वाहून गेल्या आणि त्या पावसात शहरात एकूण तेरा जण दगावले. एक वळण सांभाळले म्हणजे सारे पाणी सांभाळले असे नाही.

हे लिहिताना ऑगस्ट २०२४ आठवतो. विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या स्वयंपाकघरात कमरेइतके पाणी होते आणि सोसायटीच्या फाटकाशी मगर दिसल्याची हाकाटी झाली होती. विश्वामित्रीचा काठ मगरींचे घर आहे, तिथे फरसबंदी आणि उपाहारगृहे शोभणार नाहीत. त्यांचा नकाशा आपल्याला उपयोगाचा नाही, त्यांचा प्रश्न आहे : पाणी जाते कुठे?

तेव्हा या पावसाळ्यापूर्वी एवढे करा. आपल्या सोसायटीचे पावसाचे पाणी कोणत्या कांसात जाते आणि ती कांस विश्वामित्रीला कुठे मिळते, हे मोठ्या माणसांना बरोबर घेऊन शोधा. वाटेत ती कुठे बुजली आहे, कुठे कचऱ्याने भरली आहे, त्याची खूण कागदावर करा आणि तो कागद शाळेत आणा. आम्ही आमचा नकाशा काढायला घेतला आहे. दोनशे पावलांवरच आमची कांस एका भिंतीखाली नाहीशी होते.