धावणाऱ्या पोरांचा दम आणि आपल्या शेतातला धूर



गळीत हंगामात आपल्या भागात पहाटे दोन गोष्टी हमखास नजरेस पडतात. एक म्हणजे कारखान्याच्या वाटेला लागलेल्या उसाच्या गाड्या. दुसरी म्हणजे कालव्याच्या भरावावर, शाळेच्या मैदानावर नाहीतर डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं-पोरी. शिरूर आणि दौंड तालुक्यांत भरतीची तयारी करणारी चार-दोन मुले नाहीत असे गाव विरळाच. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे खाकी वर्दी इथल्या पोरांच्या डोळ्यांपुढे लहानपणापासूनच असते.

२०२४ च्या पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि राज्य राखीव पोलीस बलासाठी ५ किलोमीटर धावणे होते. अंतरे व गुण बदलत असतात, तेव्हा प्रत्येक वेळी जाहिरात नीट वाचावी. पण तक्रार मात्र दरवर्षी तीच ऐकू येते : "पाय चालतात हो, पण दमच पुरत नाही." हा दम म्हणजे काय, तो कसा वाढवावा आणि त्यात आपण शेतकरी आईबापांचा हात कुठे लागतो, याची थोडी माहिती सभासदांच्या घरोघरी पोहोचावी म्हणून हा लेख दिला आहे.

दम का लागतो?

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा ओढतो. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. तोच माणूस जोरात धावू लागला की हीच हवा मिनिटाला शंभर लिटरांच्या आसपास, कधी त्याच्याही वर जाते.

आपला समज असा की प्राणवायू कमी पडला म्हणून धाप लागते. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. स्नायूंनी काम केले की कर्बवायू तयार होतो, तो रक्तात वाढतो, आणि "हा बाहेर काढ" असा निरोप मेंदूकडून येतो. धाप मुख्यतः त्यामुळे लागते. आपल्या कारखान्याचा बॉयलर डोळ्यांपुढे आणा. बगॅस कितीही टाकला तरी धुराड्यातून धूर ओढला गेला नाही तर नवी हवा आत शिरणार कशी? शरीराचेही तसेच आहे. घाबरलेला मुलगा तोंड वासून भराभर वरच्यावर श्वास ओढतो, पण सोडतो अर्धाच. छातीत जुनी हवा साठते आणि दम आणखीच कोंडतो. म्हणून पहिला नियम असा : श्वास पूर्ण सोडायला शिका. पूर्ण सोडला की घेण्याचे काम शरीर आपसूक करते.

पोटाने श्वास

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. तो खाली सरकला की फुप्फुसे खालपर्यंत भरतात आणि पोट पुढे येते. खांदे उचलून घेतलेला श्वास वरवरचा असतो, आणि त्यात मान-खांद्यांची ताकद फुकट जाते.

सवय लावायची तर रात्री अंथरुणावर उताणे पडावे आणि पोटावर एक वही ठेवावी. नाकाने श्वास घेताना वही वर यावी, सोडताना खाली जावी. सोडण्याला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा. रोज पाच-दहा मिनिटे पुरेत. आठवडाभराने हेच चालताना आणि मग सावकाश धावताना करून पाहावे. धावताना मुठी सैल, खांदे खाली आणि छाती मोकळी असावी. कमरेत वाकून धावणाऱ्याचे पोट दबते आणि पडद्याला जागाच उरत नाही.

प्राणायामाविषयीही बरीच विचारणा होते. आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो आणि मन शांत राहते, तेव्हा तो जरूर करावा. पण धावण्याच्या रेषेवर उभे राहून भराभर कपालभाती करू नये. त्याने रक्तातला कर्बवायू एकदम उतरतो, डोके हलके होते आणि हातापायांना मुंग्या येतात. प्राणायाम घरी सकाळी करावा. मैदानावर दहा-पंधरा मिनिटे सावकाश पळून अंग गरम करावे, ते जास्त उपयोगी पडते.

पावलांशी मेळ

घाटात बैलगाड्यापुढे घोडी सुटते ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भरधाव घोड्याचा प्रत्येक झेपेला एकच श्वास होतो. त्याच्या अंगाची ठेवणच तशी आहे. माणूस दोन पायांवर असल्याने त्याला मोकळीक आहे. तो दोन पावलांना, तीन पावलांना, जसा वेग असेल तसा श्वास बसवू शकतो. अमेरिकेतल्या ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ साली हे मोजून प्रसिद्ध केले.

याचा उपयोग असा करावा :

सावकाश पळताना तीन पावले श्वास आत, तीन पावले बाहेर. या वेगात सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असे समजावे.

वेगाने पळताना दोन पावले आत, दोन पावले बाहेर. या वेळी बोलणे दोन-चार शब्दांवर येते.

शेवटच्या दोनशे मीटरला मोजदाद सोडून द्यावी. तिथे फक्त सोडण्यावर लक्ष ठेवावे.

नाकाने घ्यावा की तोंडाने, हा वाद गावोगाव चालतो. नाकात हवा गाळली जाते, गरम आणि दमट होते, म्हणून सावकाश पळताना नाकच चांगले. पण जोराच्या धावण्यात एकट्या नाकाला तेवढी हवा पुरवता येत नाही. तिथे नाक आणि तोंड दोन्ही उघडे ठेवावे. "तोंड मिटूनच पळ" असा आग्रह धरणे चुकीचे आहे.

बरगडीखाली चमक भरली तर वेग कमी करावा, दुखऱ्या जागी हाताने दाबावे आणि श्वास लांब सोडावा. जेवण आणि धावणे यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवले तर हा त्रास कमी होतो.

पहिल्याच फेरीत दम संपतो तो असा

समजा, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे आहेत. म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. आपला गडी काय करतो? शिट्टी वाजली की गर्दीबरोबर सुटतो आणि पहिली फेरी सत्तर सेकंदांत काढतो. कमावलेले साडेबारा सेकंद तिसऱ्या फेरीत व्याजासकट परत जातात. तिथे दोष फुप्फुसांचा नसतो, हिशेबाचा असतो. निरोगी मुलाची फुप्फुसे सहसा कमी पडत नाहीत. हृदय आणि पायांचे स्नायू सवयीने तयार व्हावे लागतात, आणि त्याला महिने लागतात. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश पळावे, दोनच दिवस जोर करावा.

अविनाश साबळे हे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. आईवडील वीटभट्टीवर कामाला आणि शाळा सहा किलोमीटरवर, म्हणून पोरगा चालत-पळत शाळेत जायचा. पुढे ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. दुष्काळी भागातल्या घरांतून हा दम तयार झाला, पण एका महिन्यात नव्हे. भरतीची जाहिरात आल्यावर जागे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या घाईतूनच काही पोरं इंजेक्शन-गोळ्यांच्या नादी लागतात. त्याने हृदयावर बेतते. आईबापांनी याबाबत डोळ्यांत तेल घालून राहावे.

केव्हा थांबावे

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. घरचे पोरगं गेले तर नोकरी घेऊन काय करायचे? म्हणून पुढील लक्षणे अंगावर काढू नयेत. छातीत दुखणे, धावताना डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे, रात्रीचा खोकला. यातले काही असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर हृदयाची तपासणी करूनच तयारी सुरू करावी. दमा असलेली मुलेही धावू शकतात, पण औषधाचा पंप डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घेतला पाहिजे. पंपाची लाज बाळगू नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्तातल्या हिमोग्लोबिनचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अशा मुलीने श्वासाचे कितीही व्यायाम केले तरी दम लागणारच. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे, सांगितल्यास लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि जेवणाला लागून चहा टाळावा. मुलाच्या ताटातले दूध, अंडे, कडधान्य मुलीच्या ताटातही पडावे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडचे काम

वर सांगितलेच की धावणारा माणूस बसलेल्यापेक्षा दहा-पंधरा पट हवा ओढतो, आणि तीही बरीचशी तोंडाने, न गाळता. हवेत धूर असेल तर तोही त्याच मापाने आत जातो. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर न जाता धुक्यासारखा शिवारावर पसरून राहतो. आपला तोडणीचा हंगाम नेमका तेव्हाच, आणि पोरांच्या धावण्याची वेळही तीच. रात्री बांधावर उभे राहून पाचटाला काडी लावणारा बाप आणि पहाटे त्याच धुरात छाती फुगवणारा पोरगा, हे एकाच घरातले असतात. आम्ही हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. खोडव्याची घाई असते, मजूर मिळत नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे.

पण पाचट म्हणजे कचरा नव्हे. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले की जागेवरच खत होते. ओल टिकते, तण कमी होते आणि खोडव्याला सेंद्रिय खत मिळते. पेटवले तर तेच धूर होऊन आपल्याच पोरांच्या छातीत जाते.

धावणाऱ्या मुलांनीही ज्या बाजूला पाचट जळत असेल किंवा गुऱ्हाळाचा धूर येत असेल, त्या बाजूला त्या दिवशी जाऊ नये. धुराच्या पहाटे नागा झाला तर बिघडत नाही, संध्याकाळी पळावे.

तरी सर्व सभासदांना नम्र विनंती, की या हंगामात तोडणी झाली की पाचटाला काडी लावण्यापूर्वी पहाटे कालव्यावर कोण धावते आहे ते एकदा आठवावे. आणि घरात भरतीची तयारी चालू असेल तर हा अंक त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावा.