लाजेपोटी लपवलेली गाठ
वयात येताना जवळपास निम्म्या मुलग्यांच्या स्तनाग्रामागे हुळहुळी गाठ येते. संप्रेरकांचा तोल सावरला की बहुधा ६ महिने ते २ वर्षांत ती विरते. आपोआप जाणार तर डॉक्टर कशाला, हा आक्षेप वाजवी वाटतो. पण आपोआप जाणारी गाठ कोणती, हे चारचौघांत शर्टही न काढणाऱ्या मुलाने ठरवायचे कसे? (भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती ते ठरवायला टपलेल्याच असतात.) शिवाय लपवायची सवय लागली की अंडकोषातली अचानक उठलेली कळही लपवली जाते, तिथे पीळ पडला असेल तर साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, नाहीतर अंडकोष गमावण्याची वेळ येते. महाराष्ट्रात १० ते १९ वयोगटाला सरकारी रुग्णालयांतल्या ‘मैत्री क्लिनिक’मध्ये मोफत सल्ला मिळतो.