झाडाखाली काय लावावे? सावलीआधी पाण्याचा विचार

अंगणात जुना कडुनिंब किंवा आंबा असणे हे धाराशिवसारख्या गावात भाग्याचेच लक्षण. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे गेला की साऱ्या घराची दुपार त्याच्या सावलीत निघते. त्या सावलीतली जमीन मात्र बहुधा ओसाड असते. रोपवाटिकेतून हौसेने आणलेली रोपे तिथे लावली जातात. पावसाळ्यात ती तरारतात आणि होळीच्या सुमारास माना टाकतात. ‘सावलीत काही येत नाही’ असे म्हणून मग तिथे फरशी घातली जाते.

वास्तविक सावलीत वाढणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत. झाडाखाली खरी टंचाई असते ती पाण्याची. मोठ्या वृक्षाची पाणी शोषणारी बारीक मुळे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या एक-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. रोपाला घातलेल्या पाण्यातला मोठा वाटा तीच उचलतात. हलक्या सरींचे पाणी तर दाट पानांवरच अडून वाळून जाते.

धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) वर्षाला सरासरी ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात उन्हाळाभर रोज पाणी मागणारी बाग झाडाखाली उभी करणे परवडणारे नाही.

या अडचणीचे उत्तर येडशीजवळच्या रामलिंग अभयारण्यासारख्या पानझडी जंगलात सापडते. उन्हाळ्यात अशा जंगलात झाडांखाली केवळ पाचोळा दिसतो. पाऊस पडताच त्याच पाचोळ्यातून कंदांचे कोंब वर येतात, चार-सहा महिने वाढतात आणि जमीन सुकू लागली की पुन्हा जमिनीखाली निजतात. अंगणातल्या झाडाखालीही अशाच वनस्पती निवडाव्यात.

भुईचाफा हे त्यातले उत्तम उदाहरण. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची सुवासिक फुले पानांआधी थेट जमिनीतून उमलतात. मे महिन्यात लाल चेंडूसारखे फूल देणारी फुटबॉल लिली आणि पावसाळी लिली यांचेही कंद वर्षानुवर्षे टिकतात. गाठाळ मुळांत पाणी साठवणारी शतावरी कुंपणालगत शोभते. हळद विरळ सावलीत येते, मात्र पाऊस ओसरल्यावर पाने पिवळी पडेपर्यंत तिला अधूनमधून पाणी द्यावे लागते. कळलावीचे फूल देखणे असले तरी तिचा कंद विषारी आहे. घरात लहान मुले असतील तर ती टाळलेलीच बरी.

बारमाही हिरवाई हवी असल्यास स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, रिओ, पानओवा आणि अडुळसा यांचा विचार करावा. मुळे धरल्यावर त्यांना रोज पाणी लागत नाही. नेचे आणि अळू यांना सतत ओल लागते. ती मोरीच्या सांडपाण्याजवळ शोभतील, झाडाखाली नव्हे. हिरवळीला ऊन आणि पाणी दोन्ही भरपूर हवे असल्याने सावलीतली लॉन बहुधा विरळच राहते.

वृक्ष कोणता, हेही पाहावे. शेवगा आणि कडुनिंब यांच्याखाली कवडसे पडतात. तिथे फुलझाडांना वाव असतो. आंबा आणि चिंच यांच्या गडद छायेत फुलांचा आग्रह सोडून घेराच्या कडेला लागवड करावी आणि बुंध्याजवळ पाचोळाच राहू द्यावा. तो जाळू नये. दोन-तीन इंच जाडीचा थर ओल टिकवतो आणि कुजून खत होतो. फक्त तो बुंध्याला चिकटू देऊ नये.

लागवडीतली सर्वांत मोठी चूक वृक्षाच्याच जिवावर बेतते. वाफा करण्यासाठी मुळे तोडली जातात किंवा बुंध्याभोवती कट्टा बांधून त्यात फूटभर माती भरली जाते. मातीखाली दबलेल्या मुळांना हवा मिळत नाही आणि ओल्या मातीत बुंध्याची साल कुजते. काळ्या जमिनीत पाणी लवकर निचरत नसल्याने हा धोका अधिक. सिमेंटचेही तेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी.

म्हणून बुंध्यापासून दोन-तीन फूट जागा मोकळी सोडावी. मोठ्या रोपांऐवजी लहान रोपे किंवा कंद घ्यावेत, मुळांमधल्या मोकळ्या जागी खुरप्याने छोटे खड्डे करावेत आणि जाड मूळ लागल्यास जागा बदलावी. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेरीस लागवड केली की रोपांना मुळे धरायला पूर्ण पावसाळा मिळतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, मुरेपर्यंत पाणी द्यावे. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथे काही दिसले नाही तरी कंद गेले असे समजून जमीन उकरू नये. पावसाची वाट पाहावी.