तीन हॅट्ट्रिक आणि एक गोल

२८ जुलै २०२४. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे नीस शहर. पॅरिस ऑलिम्पिकमधील महिला फुटबॉलचा साखळी सामना, झांबिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. शिट्टी वाजून मिनिटही झाले नव्हते आणि चेंडू ऑस्ट्रेलियाच्या जाळ्यात गेला होता. गोल बार्ब्रा बांडाचा. मध्यंतराआधीच तिची हॅट्ट्रिक पूर्ण झाली आणि ५६व्या मिनिटाला झांबिया ५-२ असा पुढे गेला. मग मात्र चित्र पालटले. उरलेल्या वेळात झांबियाच्या जाळ्यात आणखी चार गोल झाले. निकाल लागला ५-६.

ऑलिम्पिकमधली बांडाची ही तिसरी हॅट्ट्रिक. तिन्हींपैकी एकाही सामन्यात झांबियाला विजय मिळालेला नाही.

बांडाचा जन्म २० मार्च २००० चा, झांबियाची राजधानी लुसाका इथला. झांबिया हा आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातला चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश. तांब्याच्या खाणी ही त्याची ओळख, म्हणून महिला संघाचे लाडके नावही ‘कॉपर क्वीन्स’. २०१४ मध्ये कोस्टा रिकात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. झांबियाच्या मुली त्यात खेळल्या आणि त्यांच्यात बांडा होती. स्पर्धा चालू असतानाच तिला चौदा वर्षे पूर्ण झाली. त्या वयात ती समोर उभी होती ती आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलींच्या.

फुटबॉलबरोबर तिने बॉक्सिंगही केले. व्यावसायिक रिंगणात उतरून लढतीही जिंकल्या. तिचा खेळ पाहताना ही तालीम जाणवत राहते. बचावपटू अंगावर आली तरी तिचा तोल ढळत नाही. खांद्याने जागा धरून ठेवायची, एक पाऊल मागे घेऊन समोरच्या खेळाडूला अंदाज चुकवायला लावायचे आणि पुढच्या क्षणी मोकळ्या जागेत मुसंडी मारायची. तिचा भर पायातल्या नक्षीकामावर नसतो. वेग, ताकद आणि बचावफळीच्या पाठीमागची रिकामी जागा हेरण्याची नजर, एवढ्यावर तिचा खेळ उभा आहे.

२०१८ मध्ये ती स्पेनमधील लोग्रोन्यो क्लबात गेली. तिथून चीनच्या शांघाय शेंगली क्लबात, आणि २०२० च्या हंगामात १३ सामन्यांत १८ गोल करून ती तिथल्या लीगमध्ये अव्वल ठरली.

जगाने तिचे नाव ऐकले ते टोकियोत. कोरोनामुळे वर्षभर पुढे ढकललेले ते ऑलिम्पिक २०२१ मध्ये झाले. कॅमेरूनला मागे टाकून झांबियाचा महिला संघ पहिल्यांदाच तिथे पोहोचला होता. जागतिक क्रमवारीत १०४वा, म्हणजे सहभागी संघांत सर्वांत खाली. बहुतेक खेळाडू देशातल्याच क्लबांतल्या. सैन्याचा ग्रीन बफेलोज हा त्यातला एक. पहिला सामना नेदरलँड्सशी. झांबिया ३-१० ने हरला, पण ते तिन्ही गोल कर्णधार बांडाचे. तीन दिवसांनी चीनविरुद्ध ४-४ अशी बरोबरी झाली आणि पुन्हा तिचे तीन गोल. ऑलिम्पिकच्या महिला फुटबॉलमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत हॅट्ट्रिक करणारी ती पहिली खेळाडू ठरली.

गोल करायला एक-दोन असामान्य खेळाडू पुरतात, गोल वाचवायला मात्र अख्खा संघ लागतो. बचावफळीतल्या चौघींनी एकाच वेळी पुढे सरकायचे, एकाच वेळी मागे यायचे, मधल्या फळीने त्यांच्यापुढची जागा बुजवायची. वर्षानुवर्षे तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळल्यावरच ही शिस्त अंगी बाणते. तसे सामने झांबियाच्या वाट्याला फार थोडे आले होते. बांडाच्या हॅट्ट्रिक आणि संघाचे पराभव यांचे नाते इथे आहे.

पुढच्याच वर्षी तिला मैदानाबाहेर बसावे लागले. जुलै २०२२ मध्ये मोरोक्कोत महिलांची आफ्रिका चषक स्पर्धा भरली आणि स्पर्धेच्या तोंडावर लिंग-पात्रतेच्या नियमांवरून बांडाला संघाबाहेर राहावे लागले. वर्षभरापूर्वी ऑलिम्पिकमध्ये खेळलेली आणि वर्षभराने विश्वचषकात खेळणार असलेली हीच खेळाडू आपल्याच खंडाच्या स्पर्धेत मात्र नव्हती. एका तरुण मुलीच्या शरीराची चर्चा जगभर झाली, आणि हे अन्यायाचे होते. तिच्या सहकाऱ्यांनी तिच्याशिवाय तिसरे स्थान पटकावले आणि विश्वचषकाचे तिकीटही मिळवले. वरिष्ठ गटाचा फुटबॉल विश्वचषक गाठणारा झांबिया हा भूवेष्टित आफ्रिकी देशांतला पहिला.

विश्वचषकाआधी, जुलै २०२३ मध्ये, जर्मनीत सराव सामना झाला. यजमानांनी पिछाडी भरून काढून २-२ अशी बरोबरी साधली होती. भरपाई वेळेच्या बाराव्या मिनिटाला बांडाने गोल केला आणि दोन वेळच्या विश्वविजेत्यांना त्यांच्याच मैदानात ३-२ ने हरवले. प्रत्यक्ष विश्वचषकात जपान आणि स्पेन यांनी झांबियाला प्रत्येकी पाच गोलांनी नमवले. तिसऱ्या सामन्यात, न्यूझीलंडमधील हॅमिल्टनला, कोस्टा रिकावर ३-१ असा विजय मिळाला. त्यातला बांडाचा पेनल्टीवरचा गोल हा महिला विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा.

२०२४ च्या सुरुवातीला महिला फुटबॉलच्या बाजारात झांबियाचीच चर्चा होती. फेब्रुवारीत तिची सहकारी रेचल कुंडानांजी विक्रमी रकमेला अमेरिकेतील बे एफसी क्लबात गेली. काही आठवड्यांतच बांडाला अमेरिकेतल्याच ऑर्लँडो प्राइड क्लबाने सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर मोजून घेतले. तोवरच्या इतिहासातली ही दुसऱ्या क्रमांकाची रक्कम होती.

ऑर्लँडोत तिला प्रथमच पाठीमागे भक्कम भिंत मिळाली. प्रशिक्षक सेब हाइन्स यांचा संघ अमेरिकेच्या महिला लीगच्या त्या हंगामात सलग २३ सामने अपराजित राहिला आणि २६ पैकी फक्त दोन हरला. गोलरक्षक अॅना मूरहाउसने १३ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. बांडाने साखळीत १३ गोल केले. २३ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीत वॉशिंग्टन स्पिरिटविरुद्ध अंतिम सामना झाला. ३७व्या मिनिटाला अँजेलिनाचा चेंडू उजव्या बाजूला तिच्याकडे आला. बचावपटूला सामोरी जात ती आत वळली आणि डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला. पुढचा सगळा वेळ तो एक गोल सांभाळण्यात गेला. १-०. २०१७ पासून ऑर्लँडोकडून खेळणाऱ्या ३८ वर्षांच्या ब्राझीलच्या मार्ताला या लीगचे पहिले विजेतेपद मिळाले, तर सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली बांडा. त्याच वर्षी आफ्रिकेची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू हा मानही तिच्याकडे आला.

जुलै २०२५ मध्ये आफ्रिका चषक पुन्हा मोरोक्कोतच होता. उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाने झांबियाला ५-० ने गारद केले. देशाच्या बचावफळीचे जुने दुखणे तोवर बरे झालेले नव्हते. पण स्पर्धेचा उद्घाटनाचा सामना रबातमध्ये यजमान मोरोक्कोशी होता. तीन वर्षांपूर्वी ज्या देशात तिला खेळता आले नव्हते, तिथल्या प्रेक्षकांसमोर बांडा झांबियाचा पोशाख घालून उतरली. पहिले मिनिट संपायच्या आत तिने गोल केला.