चौलच्या पाहुण्याचे गाव

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ आहे, तो तुम्ही पाहिला असेल. तो अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचा. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी हा गृहस्थ चौल बंदरात उतरला होता. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याचे गाव कसे आहे, हे कळायला नको का?

गावाचे नाव त्वेर. मॉस्कोच्या वायव्येस, व्होल्गा नदीच्या काठी. आज ते चांगले चार लाख वस्तीचे गजबजलेले शहर आहे. मॉस्कोहून आगगाडीने दोनेक तासांत पोचता येते. जूनमध्ये गेलात तर रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो, आणि नदीकाठ माणसांनी फुललेला दिसतो. थंडीत मात्र नदीवर बर्फ धरते. हौशी लोक त्याला भोक पाडून गळ टाकून बसतात! आसपासच्या शेतांत जवस पिकत आले आहे. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो, ते लोक त्याच्या काडीपासून धागा काढतात आणि कापड विणतात.

निकितीन घरून निघाला तो व्होल्गेतूनच. नदीच्या मुखाजवळ त्याला लुटारूंनी लुबाडले. हात हलवीत परत कसे जावे? पुढे होर्मूझला त्याने एक घोडा मिळवला आणि गलबतात घालून चौलला आणला. आपल्या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, सगळी कामे बैल नि म्हशी करतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे घोड्याला भाव होता. पण जुन्नरला असदखानाने घोडाच काढून घेतला. धर्म बदल, तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर घोडा गेलाच, आणि हजार मोहरा दंड भर! मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानचा एक मुसलमान सरदार मध्ये पडला आणि घोडा सुटला.

जुन्नरला त्याला पावसाळ्याने अडकवले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि लोक याच दिवसांत नांगरतात, पेरतात, असे तो नवलाने लिहितो. बर्फाच्या मुलखातला माणूस, त्याला नवल वाटणारच. घोड्याला खिचडी शिजवून घालतात, हेही त्याने टिपले. घोडा पुढे बिदरला विकला गेला. पण वर्षभराची खावटी चुकली नाही. आपल्या मुलखाला नेण्याजोगा माल इथे नाही, असे त्याचे रडगाणे आहे. पुरता तोट्यातला व्यापार, दुसरे काय!

परतीला तो दाभोळहून निघाला, काळ्या समुद्रापर्यंत पोचला, पण त्वेरला पोचला नाही. वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही तेवढी मागे राहिली.

त्वेरला व्होल्गेच्या काठावर १९५५ पासून त्याचा पुतळा उभा आहे. तो होडीवर उभा आहे, आणि होडीच्या नाळेवर घोड्याचे डोके कोरले आहे.